सही कुणाची चालते?

ऊर्जानगरहून आम्ही बोलतोय, बचत गटांचं काम पाहणाऱ्या तुमच्या ताया. दुपारची भांडी आटोपली असतील, कुणी तांदूळ निवडत बसली असेल. हातातलं काम चालू ठेवा आणि कान इकडे असू द्या. आजचा विषय ऐकायला रुक्ष वाटेल. सरकारी कार्यालयात काम करणारी माणसं नेमकी कुणाची असतात, त्यांना कोण नेमतं आणि खुर्ची रिकामी राहिली की आपलं काय नुकसान होतं, हे आज बोलायचं आहे.

हा विषय आम्हाला सुचला तो एका खेपेमुळे. आमच्या गटातल्या पाच जणी एका अर्जासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी एका कार्यालयात गेलो होतो. पहिल्या दिवशी साहेब दौऱ्यावर होते. दुसऱ्या खेपेला एका तरुण मुलानं अर्ज घेतला, सही केली, नीट बोललाही. तिसऱ्या खेपेला कळलं की तो मुलगा कंत्राटी होता आणि त्याचा करार संपला होता. टेबलावरचे नवीन बाबू म्हणाले, "त्याच्या सहीचा काही उपयोग नाही बाई, नवीन अर्ज द्या." परतताना एसटीत आमच्यातली एक मावशी म्हणाली, "मंग कोणाची सही चालते, थे तरी कोणी सांगन का?"

मावशीचा प्रश्न आम्ही घरी घेऊन आलो, थोडं वाचलं, जाणकारांना विचारलं. जे समजलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आपल्या गावातले "सरकारी" लोक

सुरुवात गावापासूनच करू. तलाठी, ग्रामसेवक, शाळेतले गुरुजी, अंगणवाडी सेविका, आशाताई या सगळ्यांना आपण सरसकट "सरकारी माणूस" म्हणतो. कागदावर मात्र प्रत्येकाची जात निराळी आहे.

तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, हे राज्य सरकारचे कर्मचारी. त्यांच्या वर मंडळ अधिकारी, तहसीलदार, जिल्हाधिकारी. ग्रामसेवक आणि जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी हे जिल्हा परिषदेचे कर्मचारी. म्हणून सातबाऱ्याची तक्रार तहसीलदाराकडे जाते आणि ग्रामपंचायतीच्या दाखल्याची तक्रार गटविकास अधिकाऱ्याकडे.

अंगणवाडी सेविका मानधनावर असते. कर्नाटकातल्या अमीरबी यांच्या खटल्यात २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अंगणवाडी सेविकेचं पद हे राज्याच्या नागरी सेवेतलं पद नाही. पुढे २०२२ साली गुजरातच्या खटल्यात त्याच न्यायालयानं सांगितलं की या सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क मात्र आहे. आशाताईला पगार नाही, कामाप्रमाणे मोबदला मिळतो. आपल्या गटांकडे येणाऱ्या समूह संसाधन व्यक्ती, आपण ज्यांना सीआरपी म्हणतो, त्याही मानधनावरच.

म्हणजे उन्हातान्हात घरोघर फिरणाऱ्या बाईचं काम सरकारी, जबाबदारी सरकारी, पण पद सरकारी नाही. हे आपल्या घरातलंच उदाहरण आहे, म्हणून पुढची गोष्ट समजायला जड जाणार नाही.

आपल्या भागाला कुणाची गरज आहे

आपल्या चंद्रपुरात कोळशाच्या खाणी आहेत, सिमेंटचे कारखाने आहेत, बल्लारपूरला कागद कारखाना आहे, आणि आपल्या ऊर्जानगरला लागून २९२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे. गडचिरोलीकडे सुरजागडला लोहखनिजाची खाण आहे. यातून हाताला काम मिळतं. आपल्या गटातल्या कित्येक घरांची चूल त्यावर पेटते. पण उन्हाळ्यात अंगणात कुरड्या, पापड वाळत घातले की त्यावर कधी कधी बारीक काळी-राखाडी धूळ बसते. ती धूळ कुठून आली? रस्त्यावरच्या ट्रकमधून, एखाद्या भट्टीतून, की शेजाऱ्यानं पेटवलेल्या कचऱ्यातून? आम्ही बोट दाखवून सांगू शकत नाही, आणि सांगूही नये. ते मोजून, तपासून सांगणं हे एका सरकारमान्य यंत्रणेचं काम आहे.

अशा यंत्रणेला नियामक म्हणतात. नियामक स्वतः कारखाना चालवत नाही. कारखाना कोणत्या अटींवर चालावा हे ठरवणं, त्या अटी पाळल्या जातात का ते पाहणं आणि पाळल्या नाहीत तर थांबवणं, हे त्याचं काम. जत्रेत कुस्तीच्या फडात पंच असतो ना, तसा. पंच जागेवर नसेल तर ताकदवान पैलवान जिंकतोच, पण ती कुस्ती खरी म्हणता येत नाही.

हवा आणि पाण्याच्या बाबतीत आपला पंच म्हणजे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ. हे मंडळ ७ सप्टेंबर १९७० रोजी स्थापन झालं. त्याला आधार होता महाराष्ट्राच्याच १९६९ च्या जलप्रदूषण प्रतिबंधक कायद्याचा. पुढे केंद्राचा १९७४ चा जल कायदा महाराष्ट्रानं १९८१ मध्ये स्वीकारला. १९८१ च्या हवा कायद्यानं हवेचं कामही याच मंडळाकडे दिलं. मुख्यालय मुंबईत आहे आणि आपल्या दोन्ही जिल्ह्यांसाठी प्रादेशिक कार्यालय चंद्रपुरात आहे.

ही जबाबदारी किती मोठी आहे बघा. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांचं क्षेत्रफळ मिळून पंचवीस हजार चौरस किलोमीटरच्या वर जातं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २००९ साली देशातल्या ८८ औद्योगिक भागांची गुण देऊन मोजणी केली. ७० च्या वर गुण म्हणजे परिस्थिती अति गंभीर. चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळाले आणि देशात चौथा क्रमांक लागला. हा असा नंबर आहे की त्यात मागे राहिलेलंच बरं. त्यानंतर २०१० मध्ये इथल्या नव्या प्रकल्पांवर काही काळ बंधनं आली. अशा भागात पंचाची खुर्ची एक दिवसही रिकामी राहून चालत नाही.

मंडळातली चार तऱ्हेची माणसं

आता मावशीच्या प्रश्नाकडे येऊ. या मंडळात काम करणारी माणसं कुणाची?

पहिले, अध्यक्ष आणि सदस्य. यांना राज्य सरकार नेमतं. १९७४ च्या कायद्यात कुणाकुणाला घ्यायचं ते लिहिलेलं आहे. सरकारी प्रतिनिधी जास्तीत जास्त पाच, नगरपालिका-महापालिकांसारख्या स्थानिक संस्थांचे सदस्य जास्तीत जास्त पाच, शेती, मासेमारी, उद्योग, व्यापार अशा क्षेत्रांतले बिगरसरकारी लोक जास्तीत जास्त तीन, आणि सरकारी कंपन्यांचे दोन. म्हणजे शेती आणि मासेमारी करणाऱ्यांच्या वतीनं बोलायला जागा कायद्यानंच ठेवली आहे. हे लक्षात ठेवा.

दुसरे, सदस्य सचिव. हे पूर्णवेळ असतात आणि रोजचा कारभार त्यांच्या हाती असतो. त्यांनाही राज्य सरकारच नेमतं. आपल्या राज्यात या जागी बहुतेक वेळा भारतीय प्रशासकीय सेवेतले अधिकारी असतात, म्हणजे जिल्हाधिकारी ज्या सेवेतून येतात तीच सेवा. ते मूळचे मंडळाचे नसतात, काही काळासाठी येतात आणि बदली झाली की जातात. माहेरी आलेल्या लेकीसारखं म्हणा. घर तिचंच, पण मुक्काम मोजका.

तिसरे, मंडळाचे स्वतःचे अधिकारी आणि कर्मचारी. प्रादेशिक अधिकारी, उपप्रादेशिक अधिकारी, क्षेत्र अधिकारी, प्रयोगशाळेतले वैज्ञानिक, सहाय्यक, लिपिक, वाहनचालक. हीच खरी मंडळाची माणसं. पण ती थेट राज्य सरकारची कर्मचारी नाहीत. कायद्याच्या कलम १२ प्रमाणे यांना मंडळ नेमतं. त्यांच्या भरतीचे आणि पगाराचे नियम मंडळ करतं, मात्र त्या नियमांना राज्य सरकारची मान्यता लागते. पगार सरकारी तिजोरीतून थेट निघत नाही, मंडळाच्या निधीतून निघतो.

चौथे, कंत्राटी किंवा एजन्सीमार्फत घेतलेली माणसं. अशी माणसं आता जवळपास प्रत्येक कार्यालयात दिसतात. संगणकावर बसणारी, गाडी चालवणारी, नमुने उचलायला मदत करणारी. काम तेच, पण करार अकरा महिन्यांचा नाही तर वर्षाचा.

सरकारी आणि मंडळाचा, फरक काय पडतो?

तुम्ही म्हणाल, ताई, माणूस कुणाचाही असो, काम झालं म्हणजे झालं. फरक पडतो. कसा ते सांगतो.

राज्य सरकारच्या कर्मचाऱ्याला राज्यघटनेच्या कलम ३११ चं संरक्षण असतं. चौकशी केल्याशिवाय आणि बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय त्याला नोकरीवरून काढता येत नाही. नोकरीचं भांडण असेल तर त्याच्यासाठी वेगळं न्यायाधिकरण आहे, ज्याला सगळे "मॅट" म्हणतात. मंडळाच्या कर्मचाऱ्याला हे कलम थेट लागू नाही. पण म्हणून तो वाऱ्यावर नाही. १९७५ साली आयुर्विमा महामंडळ आणि इतर दोन संस्थांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कायद्यानं जन्मलेल्या संस्थांचे सेवा-नियम हेही कायद्यासारखेच बंधनकारक असतात. ते मोडून कुणाला घरी बसवता येत नाही.

कंत्राटी माणसाला यातलं फारसं काही नाही. उमादेवी खटल्यात २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की नियमाप्रमाणे भरती न होता लागलेल्या तात्पुरत्या माणसाला केवळ पुष्कळ वर्षं काम केलं म्हणून कायम होण्याचा हक्क मिळत नाही. मात्र २०२४ च्या डिसेंबरमध्ये जग्गो यांच्या खटल्यात त्याच न्यायालयानं दुसरी बाजूही दाखवली. केंद्रीय जल आयोगाच्या कार्यालयात वर्षानुवर्षं झाडलोट करणाऱ्या बायांचा तो खटला. कायम स्वरूपाचं काम तात्पुरत्या नावाखाली करून घेत राहणं बरोबर नाही, असं न्यायालयानं सांगितलं आणि त्यांना कायम करायला लावलं.

आता आपल्या पाण्याशी याचा संबंध जोडू. समजा, एका मोठ्या कारखान्याविरुद्ध अहवाल लिहायचा आहे. ज्याची नोकरी पक्की आहे तो माणूस जे दिसलं ते लिहील. ज्याचा करार पुढच्या महिन्यात संपतोय, तो लिहिताना दहा वेळा विचार करील. त्यात त्याचा दोष नाही, त्याच्याही घरी लेकरं आहेत. म्हणून नोकरीची शाश्वती ही फक्त त्या माणसाची सोय नसते. खरं लिहिण्याचं बळ त्यातून येतं, आणि त्या खऱ्या अहवालाची गरज आपल्याला असते.

पण शाश्वती म्हणजे मोकळं रान नव्हे. कलम ५० सांगतं की मंडळाचे सदस्य, अधिकारी आणि कर्मचारी या कायद्याखाली काम करत असताना "लोकसेवक" मानले जातील. म्हणजे त्यांनी पैसे मागितले तर भ्रष्टाचाराचा कायदा त्यांना लागतो. अशा वेळी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या क्रमांकावर फोन करता येतो. आणि ते काम करत असताना कुणी अडवलं, दमदाटी केली, तर अडवणाऱ्यावरही गुन्हा होतो. लोकसेवक हा शब्द असा दोन्ही बाजूंनी चालतो.

एका बाटलीचा प्रवास

आता एका पाण्याच्या बाटलीची गोष्ट ऐका. नाल्याचं पाणी काळं झालं म्हणून आपण आपल्या घरच्या बाटलीत पाणी भरून नेलं, तर कार्यालयात ते पाहतील, पण न्यायालयात तो पुरावा म्हणून सहसा उभा राहत नाही. का? कलम २१ सांगतं की नमुना घ्यायचा अधिकार मंडळाला किंवा मंडळानं त्यासाठी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्यालाच आहे. तो अधिकारी कारखानदाराला नोटीस देतो. त्याच्यासमोर नमुना घेतो, त्याचे दोन भाग करतो, दोन्ही बाटल्या सीलबंद करतो, त्यावर दोघांच्या सह्या होतात. मग एक बाटली प्रयोगशाळेत जाते. दुसरी बाटली कारखानदाराला हवी असेल तर कायद्यानं ठरवलेल्या दुसऱ्या प्रयोगशाळेत जाते.

प्रयोगशाळेतही घाई असते. बाटली थंड ठेवून लवकर पोहोचवावी लागते. पाण्यातली सडणारी घाण किती आहे हे पाहायची एक चाचणी असते, तिला बीओडी म्हणतात. आपल्याकडे ती २७ अंश तापमानाला तीन दिवस ठेवून करतात. नंतर मंडळाचा विश्लेषक अहवालावर सही करतो. मग त्या अहवालावरून वरचे अधिकारी नोटीस काढतात. गरज पडली तर कलम ३३ अ प्रमाणे कारखाना बंद करायचा किंवा त्याची वीज, पाणी तोडायचा आदेशही मंडळ देऊ शकतं.

आता माणसं मोजा. अर्जाला आवक क्रमांक देणारा लिपिक, गाडी काढणारा चालक, नमुना घेणारा क्षेत्र अधिकारी, तपासणारा वैज्ञानिक, सही करणारा विश्लेषक, निर्णय घेणारा प्रादेशिक अधिकारी. साखळीला इतक्या कड्या. यातली एक खुर्ची रिकामी असली तरी बाटली तिथंच अडते. कंत्राटी मुलगा बाटली उचलायला मदत करू शकतो, पण अधिकार नसेल तर त्याच्या एकट्याच्या सहीनं कलम २१ ची अट पुरी होत नाही. मावशी, सही कुणाची चालते याचं उत्तर हे असं आहे. ज्याला कायद्यानं अधिकार दिला, त्याची.

रिकामी खुर्चीसुद्धा परवानगी देते

सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट आता सांगतो. कारखान्याला सांडपाणी सोडायचं असेल तर मंडळाची संमती घ्यावी लागते. १९७४ च्या कायद्याच्या कलम २५ मध्ये लिहिलं आहे की अर्ज सगळ्या बाजूंनी पूर्ण असेल आणि चार महिन्यांत मंडळानं हो किंवा नाही काहीच कळवलं नाही, तर संमती बिनशर्त मिळाली असं समजावं.

बिनशर्त, हा शब्द ऐका. कुठली अट नाही. म्हणजे अर्ज तपासायला माणूस नसेल तर "नाही" म्हणणारं कुणी उरत नाही आणि दिवस मोजता मोजता आपोआप "हो" होतं. उद्योजकाला उगाच ताटकळत ठेवू नये म्हणून ही तरतूद आहे, आणि ते बरोबरही आहे. पण तिचा न्याय तेव्हाच होतो जेव्हा तपासणारी माणसं पुरेशी असतात.

आणि माणसं पुरेशी आहेत का? हा प्रश्न फक्त आपल्या राज्याचा नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे २०२४ साली केंद्रीय मंडळानं जी माहिती ठेवली, तिच्यात देशभरातल्या राज्य मंडळांची आणि समित्यांची मिळून निम्म्याच्या आसपास पदं रिकामी दिसली. त्याआधी २२ सप्टेंबर २०१७ ला सर्वोच्च न्यायालयानं तेची तागी तारा या खटल्यात एक निकाल दिला. वाद सुरू झाला होता उत्तराखंडातून, मंडळाच्या नेमणुकांवरून. न्यायालयानं म्हटलं की मंडळावर जाणकार माणसं असावीत हे १९८४ पासून वेगवेगळ्या समित्या सांगत आल्या आहेत, तरी फरक पडलेला नाही. मग सगळ्या राज्यांना सहा महिन्यांत अध्यक्ष आणि सदस्यांच्या नेमणुकीचे नियम करायला सांगितलं.

खुर्ची रिकामी का राहते? नवीन पद काढायला आणि भरायला सरकारची मंजुरी लागते. मंजूर पदांचा जो तक्ता असतो त्याला कार्यालयात "आकृतिबंध" म्हणतात. कारखाने वाढले तरी आकृतिबंध जुनाच राहतो. भरतीची जाहिरात निघायला, परीक्षा व्हायला, कुणी न्यायालयात गेलं तर ते सुटायला वर्षं जातात. तोवर "अतिरिक्त कार्यभार" हा शब्द कामी येतो, म्हणजे एकाच माणसानं दोन खुर्च्या सांभाळायच्या. आपण स्वयंपाक करता करता गोठाही पाहतो तसं. होतं, पण दूध उतू जातं.

पैशांचंही समजून घ्या. मंडळाच्या निधीत मोठा वाटा कारखान्यांकडून येणाऱ्या संमती शुल्काचा असतो. पूर्वी पाण्याच्या वापरावर उपकर होता, तो २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर बंद झाला. ज्याची तपासणी करायची त्याच्याच शुल्कातून पगार, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण हे शुल्क कायद्यानं ठरलेलं आहे, कुणाची मेहेरबानी नाही. उलट, पैसा हाताशी असताना तो माणसं नेमण्यावर का जात नाही, हा प्रश्न आपण विचारायला हवा.

काही जण म्हणतात, मंडळ मोडा आणि सगळ्यांना सरळ सरकारी करून टाका. आम्हाला तसं वाटत नाही. मंडळ वेगळं ठेवण्यामागे कारण आहे. सरकार स्वतःही वीज केंद्रं चालवतं, महापालिकांचं सांडपाणी नदीत जातं. पंच कुणा एका पैलवानाच्या घरचा नसावा. पण पंच वेगळा ठेवायचा असेल तर त्याच्याकडे स्वतःची, शिकलेली, पक्क्या नेमणुकीची माणसं हवीत. नाव सरकारी असो वा मंडळाचं, खुर्ची भरलेली हवी, बसणाऱ्याला अधिकार हवा, आणि खरं लिहिलं म्हणून त्याला घरी जावं लागेल ही भीती नको.

आपण काय करायचं

पहिलं, तक्रार देताना लेखी द्या. तारीख, वेळ, जागा, वारा कुठल्या दिशेनं होता, पाण्याचा रंग आणि वास कसा होता हे लिहा. फोटो जोडा. आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. अर्ज घेणाऱ्याचं पदनाम विचारा. नाव विसरलं तरी चालेल, पदनाम विसरू नका. माणूस बदलतो, पद राहतं.

दुसरं, संमतीची नोंदवही पाहायला मागा. कलम २५ प्रमाणे मंडळानं कोणत्या कारखान्याला कोणत्या अटी घातल्या याची नोंद ठेवायची असते, आणि ज्यांच्यावर त्याचा परिणाम होतो त्या माणसाला ती कार्यालयाच्या वेळेत पाहता येते. नाल्याकाठी राहणारी, त्याच पाण्यावर भाजी लावणारी बाई यात नक्कीच येते.

तिसरं, रिकाम्या पदांची माहिती मागा. माहितीचा अधिकार २००५ च्या कायद्यानं आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तोही नाही, फक्त दाखला जोडायचा. आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण दीडशे शब्दांच्या आत ठेवायचा. उत्तर तीस दिवसांत मिळालं पाहिजे. नाही मिळालं तर त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करायचं. अर्जात एवढंच लिहा:

"आपल्या कार्यालयासाठी मंजूर पदे किती, पदनामानुसार. त्यापैकी भरलेली किती, रिक्त किती, प्रत्येक पद कोणत्या तारखेपासून रिक्त आहे. अतिरिक्त कार्यभार कोणत्या पदाकडे आहे. कंत्राटी व बाह्यस्रोत कर्मचारी किती व कोणत्या कामासाठी. नमुने घेण्यास प्राधिकृत केलेल्या पदांची यादी. ही माहिती द्यावी."

यात कुणावर आरोप नाही, कुणाचा अपमान नाही. खरं तर कर्मचाऱ्यांची यादी आणि त्यांचं वेतन ही माहिती कार्यालयानं न मागताच जाहीर करावी, असं याच कायद्याचं कलम ४ सांगतं.

चौथं, उत्तर आलं की ते ग्रामसंघाच्या बैठकीत वाचा. ग्रामसभेत ठराव घ्या की आमच्या भागातली रिक्त पदं भरावीत, आणि त्याची प्रत आमदार, पालकमंत्री आणि पर्यावरण विभागाला पाठवा. अंगणवाडीत सेविका नसली तर आपण ठराव घेतोच ना? तसाच हा. सिरोंचा, भामरागडच्या बाईचा चंद्रपूर गाठण्यातच अख्खा दिवस जातो. तिथं गेल्यावर खुर्ची रिकामी दिसू नये, म्हणून हा ठराव.

पाचवं आपल्या लेकींसाठी. गोंडवाना विद्यापीठात आपल्या कितीतरी मुली विज्ञान शिकतात आणि पदवी झाल्यावर घरी बसतात. अशा मंडळात क्षेत्र अधिकारी, वैज्ञानिक, प्रयोगशाळा सहाय्यक ही पदं विज्ञान किंवा अभियांत्रिकी शिकलेल्यांसाठीच असतात. जाहिरात मंडळाच्या अधिकृत संकेतस्थळावर आणि वर्तमानपत्रात येते. कुणी दलाल म्हणाला, "इतके लाख द्या, कंत्राटी लावून देतो, पुढे कायम होईल," तर उमादेवी खटल्याची आठवण ठेवा आणि गटातून कर्ज काढून त्याला पैसे देऊ नका. परीक्षेची फी आणि पुस्तकं यासाठी मात्र गटानं जरूर कर्ज द्यावं.

मैत्रिणींनो, परवा बैठकीत आम्ही हे सगळं सांगितलं तेव्हा ती एसटीतली मावशी शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे अर्ज द्याच्या आधी खुर्ची कोनाची हाय थे पाहाव लागते." अगदी तसंच, मावशी. आणि खुर्ची रिकामी दिसली तर परत फिरायचं नाही. ती कधीपासून रिकामी आहे, हे तिथंच लिहून विचारायचं.

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटानं वरचा अर्ज एका कागदावर उतरवून आणावा. लिहायला कुणाला अडचण असेल तर आम्ही सोबत बसू.